बटाटे शिजेपर्यंत

"मागं व्हा! मागं व्हा! पाप अंगावर उडेल!"

हिलारियो, आमच्या गावचा मुखिया, दोन्ही हात पसरून ओरडला आणि अख्खं वायराकंचा धडपडत मागं सरकलं. एका म्हातारीची टोपी झऱ्यात पडली. ती काढायला कुणी पुढं होईना, कारण पाणी त्या घडीला 'पापी' होतं.

रविवार होता. झऱ्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी चीज आणलेलं, कुणी लोकरीचे गुंडे, कुणाच्या पाठीवरच्या गाठोड्यात भाजून खायला आणलेले जिवंत गिनीपिग चुळबुळत होते. हे सगळं कुणासाठी? तर तायता वेन्सेस्लाओसाठी. तायता म्हणजे बाप, वडीलधारा. हा वडीलधारा दोन हंगामांमागं माझ्या हाताखाली भांडी घासायचा.

मी बासिलिया. आउसांगाते डोंगराला वळसा घालून पायी फिरणारे लोक येतात ना, पाठीवर घरदार घेऊन, त्यांच्या तांड्याची मी स्वयंपाकीण. वेन्सेस्लाओ माझा मदतनीस होता. पातेल्याचं बूड त्याला कधी धड घासता आलं नाही. मग एकदा तो खाली शहरात गेला, आणि परत आला तो अंगावर लाल पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची घोंगडी, हातात गिधाडाचं लांब पीस आणि तोंडात एकच गोष्ट घेऊन. म्हणे डोंगरानं त्याला निवडलं, त्याच्यावर तीनदा वीज पडली.

तीनदा वीज पडली आणि टोपीचा गोंडासुद्धा करपला नाही! पण हे विचारणार कोण?

"बघा, लेकरांनो," वेन्सेस्लाओनं काचेची बरणी झऱ्यात बुडवून वर धरली. "आहे की नाही नितळ? डोळ्यांना फसू नका. आउसांगाते बाबाच्या पोटातून निघालं तेव्हा हे दूध होतं, दूध! वाटेत तुमचं पाप मिसळलं. चोरी, चहाडी, नवऱ्याला न सांगता विकलेली लोकर!"

दोन बायांनी लगेच माना खाली घातल्या.

त्यानं बरणीवर पोंचो ओढला, पुटपुटला, थरथरला, डोळे पांढरे केले. पोंचो काढला तर पाणी तांबूस तपकिरी! गर्दीतून असा हुंकार उठला की ओझी वाहणारे लामा बिथरले.

आमच्याकडं काहीही पिण्याआधी पहिला घोट धरणीमातेला देतात. मीही देते, त्यात वावगं काही नाही. पण यानं जमिनीवर कापड अंथरून त्यावर उकडलेला बटाटा ठेवला होता. पहिला घोट त्या बटाट्यावर ओतला. आणि बटाटा बघता बघता काळानिळा पडला.

"पाहिलंत? मातेनं तुमचं पाप गिळलं!"

मग गिधाडाचं पीस बरणीत घालून त्यानं ढवळलं. एक वेढा, दोन वेढे, आणि तपकिरी रंग गायब. पाणी पुन्हा नितळ. बायका रडायला लागल्या. हिलारियो गुडघ्यांवर बसला.

मी नाक फेंदारून हुंगलं. "तायता, वास कसला येतोय?"

"पापाचा, बासिलिया."

"पापाला दवाखान्याचा वास येतो होय?"

चार जण फिसकन हसले. हिलारियोनं डोळे वटारले. "तुझ्या जिभेला हाड नाही. परदेशी लोकांची उष्टी काढून काढून देवधर्म विसरलीस."

हिलारियोला राग यायचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. झऱ्याच्या वरच्या अंगाला तंबूंचा माळ आहे, तो त्याचा. गेल्या हंगामात तिथं प्रवाशांसाठी संडासाचे खड्डे खणले, ते त्यानंच. तेव्हापासून खाली गावात पोटं बिघडायला लागली. मी गावसभेत बोंबलून सांगितलं, खड्डे हलवा. पण खड्डे हलवायचे तर माळ बंद ठेवावा लागतो, प्रवाशांचं भाडं बुडतं. त्यापेक्षा पाप बरं. पापाला फावडं लागत नाही.

आणि त्या गर्दीत सगळ्यांत पुढं, अगदी कापडाच्या कडेला, माझी धाकटी बहीण सातुर्निना उभी होती. तिचा हात धरून पाच वर्षांची युलीसा. सातूचा तान्हा मागच्या थंडीत जुलाबानं गेला, त्याआधी नवरा खाणीत गेला तो परतलाच नाही. आता जे काही होतं ते युलीसा. सातू श्वास घ्यायची तो त्या पोरीसाठी. वेन्सेस्लाओ प्रत्येकासाठी वेगळी बरणी भरायचा; पहिली त्यानं युलीसाच्या ओठांना लावली. सातूनं त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. ते बघून मी तिथून निघूनच गेले.

संध्याकाळी तिच्या घरी गेले. चूल गार.

"सातू, पाणी उकळलं नाहीस?"

"आता नाही उकळत, ताई."

"का?"

"तायता म्हणाला, उकळलं की पाण्याचा जीव भाजतो. मग डोंगर सूड घेतो." तिचा आवाज खाली गेला. "म्हणाला, म्हणूनच माझा तान्हा गेला. मी उकळत होते ना, ताई. दवाखान्यातल्या बाईचं ऐकून रोज उकळत होते."

"अगं, तू घरचं उकळायचीस, आणि तान्ह्याला शेतावर घेऊन जायचीस तेव्हा ओढ्याचं पाजायचीस! मी शंभरदा सांगितलं होतं."

"म्हणजे माझंच चुकलं. तूही तेच म्हणतेस."

"मी ते नाही म्हणत गं..."

पण ती वाकून बटाटे निवडायला लागली. शेणी किती महाग झाल्यात, गुरं किती कमी उरलीत, चुलीपुढं बसून डोळे कसे फुटतात, हे मला सांगायची तिला गरज नव्हती. उकळणं म्हणजे कष्ट. पिसानं ढवळणं म्हणजे दोन वेढे. लोकांना कुठलं आवडेल?

युलीसा माझ्या मांडीवर येऊन बसली. "मावशी, माझं पाणी लई तपकिरी झालं होतं. हिलारियो आजोबांच्यापेक्षा जास्त. माझ्यात एवढं पाप आहे?"

"तुझ्यात? तू काल माझा साखरेचा डबा उघडलास, तेवढंच."

"ते पाप असतं?"

"नाही गं माझी बाय. ती भूक असते."

ती खुदकन हसली आणि म्हणाली, येताना मला जांभळे बटाटे आण, छोटे, पलीकडच्या खिंडीतले. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तांडा घेऊन मला निघायचं होतं.

त्या तांड्यात अरेकिपा शहरातल्या ग्लादिस बाई होत्या. आयुष्यभर शाळेत रसायन शिकवलेल्या, आता निवृत्त, पण पाठीवरची पिशवी घोड्यावर टाकू देत नव्हत्या. संध्याकाळी मी सगळ्यांसाठी पाणी उकळायचे ते प्यायच्या, पण दिवसा वाटेत तहान लागली की ओढ्याचं पाणी रुमालातून गाळून आपल्या बाटलीत घ्यायच्या.

चौथ्या दिवशी खिंड ओलांडून आम्ही तळ्याकाठी थांबलो. मी बटाटे चढवले होते. ग्लादिस बाईंनी खिशातून एक छोटी काळी बाटली काढली आणि पाण्यात थेंब टाकले.

पाणी तांबूस तपकिरी झालं.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. तोच रंग. तोच दवाखान्याचा वास.

"बाई, हे काय?"

"आयोडीन. जखमेला लावतात ना, तेच. पाण्यातले रोगजंतू मारतं." त्यांनी दुसरी डबी दाखवली. "आणि ही पांढरी पूड. 'क' जीवनसत्त्व, लिंबात असतं ते. आयोडीनची चव घाण लागते, म्हणून शेवटी ही टाकायची. रंग आणि चव दोन्ही जातात."

"टाका ना! टाका, मला बघू द्या."

"आत्ता नाही, बासिलिया. आत्ता टाकली तर सगळं वाया."

"वाया का?"

"अगं, ही पूड रंग नुसता लपवत नाही. ती आयोडीनच निकामी करते. औषध मरतं, जंतू तसेच जिवंत. आधी औषधाला काम करू द्यायचं, मग पूड. एवढ्या गार पाण्यात तासभर तरी थांबायला हवं." त्या हसल्या. "तरुण पोरं थांबत नाहीत. टाकलं, ढवळलं, प्यायलं. मग तंबूमागं पळत सुटतात."

"तासभर म्हणजे बटाटे शिजेपर्यंत," मी म्हणाले. आमच्याकडं वेळ तशीच सांगतात. इतक्या उंचावर बटाटा काही लवकर शिजत नाही.

"अगदी बरोबर. बटाटे शिजेपर्यंत."

मी हंडीतला एक अर्धा कच्चा बटाटा काढला, कापला आणि म्हणाले, "बाई, यावर टाका एक थेंब."

बटाटा काळानिळा पडला.

"पिष्ट असतं त्यात," ग्लादिस बाई म्हणाल्या, "आयोडीन लागलं की निळंकाळं होणारच. आठवीच्या मुलांना करून दाखवायचे मी. पण तू रडतेस का गं?"

मी रडत नव्हते, मला राग आला होता. तो हरामखोर पोंचोखाली थेंब टाकत होता. पिसाच्या पोकळ दांड्यात पांढरी पूड भरत होता. बाटल्या कुठून आल्या तेही मला माहीत होतं. प्रवास संपला की प्रवासी उरलंसुरलं सामान मदतनिसांना देऊन टाकतात, मोजे, साबण, औषधं. त्या बाटल्या त्याच्याकडं माझ्याच तांड्यातून गेल्या होत्या.

आणि मग मला युलीसा आठवली. बरणीला ओठ लावलेली.

ग्लादिस बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी बाटली आणि डबी दोन्ही माझ्या हातात कोंबल्या. "तू जा. रात्रीचा स्वयंपाक आम्ही करू. उपाशी मरत नाही कुणी." मी उलटी खिंड चढले. वाटेतल्या वस्तीवर ओंजळभर जांभळे बटाटे मागून घेतले. तेवढं मात्र विसरले नाही.

घरात शिरले तेव्हा युलीसा मेंढीच्या कातड्यावर पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठांची सालं निघालेली. खाली रक्ताचे जुलाब. सातू चमच्यानं तिच्या तोंडात पाणी सोडत होती. शेजारी काचेची बरणी.

"कधीपासून?"

"तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तायता रोज येऊन ढवळून देतो. म्हणाला, पाप बाहेर पडतंय, थांबवू नको."

मी बरणी दारातून भिरकावली. सातू माझ्या अंगावर धावून आली. आम्ही दोघी बहिणी त्या पोरीच्या उशाशी झोंबलो, एकमेकींच्या वेण्या धरून. मग युलीसा म्हणाली, "मावशी, बटाटे आणलेस?" आणि आमचे हात सुटले.

पाणी उकळलं. मीठ, साखर घालून घोट घोट पाजलं. घोडं मिळवलं. पण घोड्यावर तिला बसवेना, म्हणून मी तिला पाठीशी बांधली, तान्ह्या पोराला बांधतात तशी, आणि आम्ही दवाखान्याच्या गावाकडं उतरायला लागलो. सातू घोडं ओढत मागून. युलीसा आधी कण्हत होती. मग गप्प झाली. मला वाटलं, बरं झालं, झोप लागली. चालण्याच्या हेलकाव्यानं लागते झोप. मी मुद्दाम हळू चालायला लागले, की जाग येऊ नये.

दवाखान्यातल्या बाईनं गाठ सोडली, मानेला हात लावला आणि माझ्याकडं बघितलंच नाही. काय सांगू? वाटेत कुठल्या वळणावर ती गेली तेही मला कळलं नाही. माझ्या पाठीवर होती आणि मला कळलं नाही.

तिला पुरलं त्यानंतरचा रविवार. मला वाटलं होतं, झऱ्यावर निदान आज कुणी जाणार नाही. सगळे गेले होते. पोर मेल्यानं लोक घाबरले होते, आणि घाबरलेली माणसं जास्तच भाविक होतात.

वेन्सेस्लाओनं डोळे मिटून सांगितलं, "लेकरू निष्पाप होतं. आईचं पाप भारी पडलं. शिवाय मावशीनं पवित्र बरणी फोडली."

सातू माझ्या शेजारी उभी होती. तिनं मान हलवली, हो, असं. तिनं ते खरं मानलं! त्या क्षणी त्या माणसाचा गळा धरावा असं मला वाटलं. पण गळा धरला असता तर तो हुतात्मा झाला असता.

मी पुढं झाले. "तायता, आज माझं पाप काढ. पण बटाटा माझा."

"हे काय नवीन?" हिलारियो गुरगुरला.

"बटाट्याला कसली भीती, मुखिया? सातूच्या शेतातला आहे. आज सकाळी जमिनीतून काढला." मी तो सगळ्यांसमोर कापला. आत पांढरा स्वच्छ. "सांगा, यानं कुणाची लोकर चोरली? कुणाची चहाडी केली?"

मी शालीच्या गाठीतून काळी बाटली काढली आणि एक थेंब टाकला. ना मंत्र, ना पोंचो. बटाटा काळा पडला.

मग बरणी भरली. थेंब टाकले, तपकिरी. डबीतली चिमूटभर पूड टाकली, काडीनं ढवळलं, नितळ. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा एका म्हातारीच्या हातात बाटली दिली आणि तिच्याकडून करवून घेतलं. "आजी, तुमच्यावर कधी वीज पडली होती?"

"छे गं बाई! माझ्यावर कोंबडीसुद्धा पडली नाही."

कुणीतरी हसलं, आणि लगेच सातूकडं बघून गप्प झालं. मी वेन्सेस्लाओच्या हातातलं पीस हिसकावलं आणि दांडा मोडला. पांढरी पूड त्याच्याच लाल पोंचोवर सांडली.

"फसवणूक नाही!" तो ओरडला. तायताचा आवाज गेला आणि माझ्या जुन्या मदतनिसाचा चिरका आवाज परत आला. "मी औषधच घालत होतो! प्रवासी लोक घालतात तेच! बासिलियाताई, तुम्हीच बघा ना, खरं औषध होतं! थोडं नाटक केलं, पण पाणी शुद्धच देत होतो ना मी?"

आणि तो खोटं बोलत नव्हता. हे मला जास्त लागलं. त्याला खरंच वाटत होतं की पाणी शुद्ध होतंय. थेंब बघितले, पूड बघितली, मधलं थांबणं कधी बघितलंच नाही त्यानं.

"थेंबांनी जंतू मरतात," मी म्हणाले. "पण त्याला वेळ लागतो. गार पाण्यात बटाटे शिजायला लागतो तेवढा. तू लगेच पूड घालून ते औषधच मारत होतास, वेन्सेस्लाओ. लोकांना चमत्कार लगेच दिसायला हवा ना! आणि पाण्यात पाप बिप काही नाही. वर माळावर जा, मुखियानं खणलेले खड्डे बघा. पावसानं ते पाझरतात आणि खाली या झऱ्यात येतात. आपण शेण प्यायलोय, माणसांचं."

हिलारियोचा चेहरा उतरला. गर्दी कुजबुजायला लागली, कुणी वेन्सेस्लाओच्या पोंचोला हात घातला, कुणी दगड उचलला. मी जिंकले होते म्हणा ना.

तेवढ्यात सातू बोलली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

"ताई, म्हणजे माझ्या घरी ज्या बरणीत तो ढवळायचा, त्यात औषध होतं?"

दगड उचललेला हात खाली आला.

"होतं."

"युलीसाला वाचवणारं?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. देवाशपथ सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की लोक खोटं का पत्करतात. पण एवढं सगळं करून मीच तिला फसवलं असतं तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय?

"पहिल्या दिवसापासून तसंच थांबून दिलं असतं, तर ती आजारीच पडली नसती."

"आणि त्यानं फक्त पूड घातली नसती तर? नुसतं... थांबला असता तर?"

"तर वाचली असती, सातू."

ती वेन्सेस्लाओसमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, मारणार. तिनं मारलं नाही. शिवी दिली नाही. ती एवढंच म्हणाली, "मला घाई नव्हती रे. मी थांबले असते."

वेन्सेस्लाओ तिथंच चिखलात बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. त्यानंतर तो गावात दिसला नाही. खड्डे गावानं बुजवले, नवे पार खालच्या उताराला खणले. हिलारियोनं पहिलं फावडं मारलं, कारण सगळे त्याच्याकडं बघत होते.

तुम्ही डोंगरात याल, पाठीवर ओझं घेऊन, घशाला कोरड पडलेली, समोर आरशासारखा ओढा. कुणीतरी म्हणेल, डोंगराचं पाणी आहे, प्या. नितळ दिसतं म्हणून पिऊ नका. वर काय आहे ते बघा. गाळा, उकळा, नाहीतर औषध घाला आणि थांबा. आणि कुणी तुमच्या डोळ्यांदेखत पाणी बदलून दाखवलं, तर पाया पडण्याआधी विचारा, त्यात काय घातलंस? विचारलं म्हणून कुठलाही डोंगर रागावत नाही. मी आयुष्यभर विचारत आले, माझ्यावर वीज पडलेली नाही.

सातू आता माझ्याबरोबर तांड्यावर असते. वाटेत प्रवाशांच्या बाटल्यांत थेंब तीच टाकते आणि बाटल्या स्वतःपुढं मांडून बसते. दमलेले लोक हात पुढं करतात, विनवण्या करतात, एखादा वैतागतोही. ती शांतपणे हंडीकडं बोट दाखवते. "बटाटे शिजू देत."

मग झाकण काढते, बटाटा टोचून बघते, आणि बाटल्या वाटते. बटाटे माणशी मोजून घातलेले असतात. तरी रोज एक उरतो, छोटा, जांभळा. तो कुणी खात नाही, आणि तिला कुणी विचारतही नाही.